दारावरून जाणारा महामार्ग

राष्ट्रीय महामार्ग ५३ गुजरातमधल्या हजिराहून निघतो. सुरत, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा असा महाराष्ट्र ओलांडून तो छत्तीसगडमध्ये शिरतो आणि ओडिशातल्या पारादीप बंदराशी संपतो. २०१० मध्ये देशातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, त्याआधी आमच्याकडचा हा रस्ता क्रमांक ६ मध्ये होता. नव्या पद्धतीत पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य महामार्गांना विषम आणि दक्षिणोत्तर जाणाऱ्यांना सम क्रमांक आहेत, हे लक्षात ठेवले तर नकाशा वाचताना उपयोग होतो. या रस्त्यावर भिलाईत खुर्सीपार लागते. तिथे माझे घर आहे. आमच्याकडे त्याला कोणी ५३ म्हणत नाही, ६ सुद्धा म्हणत नाही. म्हाताऱ्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे 'जी. ई. रोड' म्हणतात, म्हणजे ब्रिटिश काळातला ग्रेट ईस्टर्न रोड.

सुट्टी संपली की मी याच रस्त्याने राजनांदगाव, देवरी, साकोली करत नागपूरला येतो. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत झोप येत नाही म्हणून रस्ता बघत बसायची सवय लागली. आमच्या शेजारचे एक काका अनेक वर्षे रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर होते. ते तेलुगू, आम्ही मराठी, त्यामुळे बोलणे हिंदीत चालते. रस्ता 'बांधतात' हे सगळ्यांना दिसते, पण त्याआधी तो 'आखतात', आणि आखताना काय काय मोजतात, हे मला त्यांच्याकडून कळले. बाकीचे पुस्तकांतून वाचले.

आपल्या देशात या आखणीचे नियम इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ठरवते. तिच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांच्या प्रश्नासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. त्या समितीच्या शिफारशींमधूनच पुढे रस्त्यांसाठी वेगळा निधी आला आणि डिसेंबर १९३४ मध्ये ही संस्था स्थापन झाली. नंतर १९४३ मध्ये नागपूरला देशातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते अशी रस्त्यांची विभागणी ठरली. ती 'नागपूर योजना' म्हणून आजही अभियांत्रिकीच्या पुस्तकात शिकवतात. त्या परिषदेचे नागपूर आणि माझे खुर्सीपार एकाच रस्त्यावर आहेत, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

आता मुख्य गोष्ट. कोणताही रस्ता आखताना पहिला आकडा ठरतो तो वेगाचा. त्याला डिझाइन स्पीड म्हणतात. सपाट मुलखातल्या राष्ट्रीय महामार्गासाठी ताशी १०० किलोमीटर, चढउताराच्या मुलखात ८०, डोंगरात ५० आणि फार अवघड डोंगरात ४०. समृद्धी महामार्ग सपाट भागात ताशी १५० साठी आखलेला आहे. हा एक आकडा ठरला की वळण किती मोठे, चढ किती, समोरचे किती लांबून दिसले पाहिजे, हे बहुतेक सगळे त्याच्या मागून येते. म्हणून कोणत्याही रस्त्याला विचारायचा प्रश्न एकच : तू कुणाच्या वेगासाठी आहेस? माळरानावर याचे उत्तर सोपे असते. खुर्सीपारला ते अवघड होते, कारण तिथे रस्त्यावरून ट्रकही जातो आणि रस्त्याच्या आरपार माझी आजीही जाते.

आधी ट्रकचे बघू. चालकाला समोर अडथळा दिसला आणि गाडी थांबली, यांत जेवढे अंतर जाते तेवढा रस्ता त्याला समोर मोकळा दिसलाच पाहिजे. हे थांबण्याचे दृष्टीअंतर. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग मेंदूचा : डोळ्याने पाहिले, मेंदूने ठरवले, पाय ब्रेकवर गेला. आपण परेडला 'थम' ऐकतो तरी पुढचे पाऊल पडतेच, तसेच हे. नियमात यासाठी २.५ सेकंद धरतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, तेव्हा ब्रेकला पाय लागेपर्यंतच गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते. दुसरा भाग ब्रेकचा. तो टायर आणि रस्ता यांच्या घर्षणावर अवलंबून असतो, साधारण ३९ मीटर. दोन्ही मिळून ८१, नियमात धरतात ८०.

ताशी १०० ला हेच अंतर १८० मीटर होते. वेग ६० वरून १०० झाला म्हणजे दुपटीपेक्षा कमीच वाढला, पण अंतर सव्वादोन पट झाले. कारण ब्रेकचा भाग वेगाच्या वर्गाने वाढतो. नववीत गतिज ऊर्जेचे सूत्र पाठ केले होते, ते इथे भेटले.

हे अंतर कसे मोजतात तेही मजेशीर आहे. चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच धरतात आणि अडथळा फक्त १५ सेंटिमीटर उंच. म्हणजे रस्त्यावर पडलेला मोठा दगड किंवा झोपलेले कुत्रे. चढाच्या माथ्यावर पलीकडचे काही दिसत नाही, म्हणून माथा टोकदार न ठेवता लांबलचक गोल करतात. उड्डाणपुलाचा माथा पसरट असतो तो यासाठीच.

वळणाचे गणित वेगळे. मैदानाला फेऱ्या मारताना कोपऱ्यावर आपण आपोआप आत झुकतो. गाडीला झुकता येत नाही, म्हणून रस्ताच झुकवतात. वळणावर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवतात, याला सुपरएलिव्हेशन म्हणतात. समजा वळणाची त्रिज्या २५० मीटर आहे आणि वेग ताशी ६०. वेगाचा वर्ग भागिले २२५ गुणिले त्रिज्या, असे सूत्र आहे. उत्तर येते ०.०६४. म्हणजे ७ मीटर रुंद रस्त्याची बाहेरची कड सुमारे ४५ सेंटिमीटर वर. गुडघ्याएवढा फरक असतो, तरी गाडीत बसून कळत नाही. सपाट मुलखात हा झुकाव ७ टक्क्यांच्या वर नेत नाहीत, नाहीतर हळू जाणारा, उंच भरलेला उसाचा किंवा कडब्याचा ट्रक आतल्या बाजूला कलंडेल. वेगवान गाडीसाठी जे चांगले ते सावकाश गाडीसाठी धोक्याचे, असे रस्त्यात वारंवार घडते. आमच्या भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. त्या रुळांनाही वळणावर असाच एका बाजूने उंचवटा देतात.

चढउताराबद्दल थोडेच सांगतो. सपाट भागात महामार्गाचा चढ शक्यतो ३० मीटरला १ मीटर, याहून जास्त नसावा. गाडी चढेल की नाही याची चिंता नसते, चिंता उतरण्याची असते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने तिथे डझनावारी गाड्यांना धडक दिली. लांब उतारावर सतत दाबून ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. काही चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकतात, मग इंजिनाची ओढही जाते. उतार नुसता तीव्र आहे का एवढे बघून चालत नाही, तो किती लांब आहे आणि खाली काय आहे, तेही बघावे लागते.

इथपर्यंत रस्त्याचा आकार झाला. आता त्याचे अंग. भिलाईत पोलादाचा कारखाना असल्यामुळे आमच्या रस्त्यावरून सळ्या, प्लेटा आणि कोळसा घेऊन ट्रक दिवसरात्र जातात. रस्ता हे वजन कसे पेलतो?

सगळ्यात खाली जमीन. छत्तीसगडी बोलीत शेतकरी काळ्या मातीला कन्हार म्हणतात आणि मुरमाड, लालसर जमिनीला भाठा. भाठ्यावर शेती धड होत नाही, पण रस्ता चांगला उभा राहतो. कन्हार भातासाठी उत्तम, पण रस्त्यासाठी वाईट, कारण ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. विदर्भातली काळी जमीन तशीच. शेतकऱ्याची आणि इंजिनिअरची पसंती उलट असते ती अशी. जमीन कमजोर असेल तर वरचे थर जाड करावे लागतात. त्या जमिनीवर मुरूम आणि जाड खडीचा थर येतो, तो पाणीही वाहून नेतो. त्यावर बारीकमोठी खडी पाण्यात कालवून दाबलेला थर, त्यावर डांबरमिश्रित खडीचा जाड थर आणि शेवटी वरचा गुळगुळीत थर. आपण ज्याला रस्ता म्हणतो तो हा शेवटचा काही सेंटिमीटरचा पापुद्रा.

जून २०२२ मध्ये याच महामार्गावर अमरावती ते अकोला भागात ७५ किलोमीटर लांबीची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरी करून गिनीज विक्रम झाला. काम मोठेच होते, पण विक्रम फक्त या पापुद्र्याचा आहे. खालचे थर घाईने होत नाहीत आणि त्यांचे विक्रमही कोणी लिहून ठेवत नाही. मला विचाराल तर याच महामार्गाच्या पश्चिम टोकाला, हजिराजवळ, २०२२ मध्येच झालेला एक प्रयोग जास्त महत्त्वाचा आहे. तिथे पोलाद कारखान्यातून निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, प्रक्रिया करून खडीच्या जागी वापरली आणि सुमारे एक किलोमीटरचा सहा लेनचा रस्ता केला. भिलाईच्या मुलाला ही बातमी वाचून आपल्याकडचे स्लॅगचे ढीग आठवणारच.

रस्ता मोडतो कशाने? सगळे म्हणतात पावसाने. पाऊस अर्धा खरा. मधोमध उंच आणि कडेला उतरता, असा २ टक्क्यांच्या आसपासचा उतार डांबरी रस्त्याला दिलेला असतो, त्याला कॅम्बर म्हणतात. त्यावरून वाहिलेले पाणी कडेच्या नालीत गेले तर पाऊस फारसे काही करत नाही. नाली तुंबली किंवा कुणी दुकानाच्या पायरीसाठी बुजवली, तर पाणी भेगांतून खाली शिरते आणि मग वरून ट्रक जातो.

ट्रकचा हिशेब थक्क करणारा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून रोज ट्रक फिरवले आणि रस्ता किती खचतो ते मोजले. त्यातून आलेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज एका आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट केले तर झीज सोळापट. आपल्याकडे ८.१६ टनांचा आस हे माप धरतात. मोटारीच्या एका आसावर साधारण अर्धा टन येतो. भागाकार करून चौथा घात काढा : ट्रकचा एक आस मोटारीच्या सुमारे ७० हजार आसांइतकी झीज करतो. २०१८ मध्ये ट्रकच्या दुहेरी चाकांच्या एका आसावर १०.२ ऐवजी ११.५ टन वजनाला परवानगी मिळाली. वाढ जेमतेम १३ टक्के, पण चौथा घात केला तर झीज ६० टक्क्यांनी वाढते. कागदावरचे 'थोडेसे जास्त' रस्त्याला थोडेसे नसते. आणि हे कायद्यात बसणारे वजन झाले.

आता आजीचे.

महामार्गाच्या एका बाजूच्या दोन लेन म्हणजे ७ मीटर. पादचाऱ्याचा वेग हिशेबात सेकंदाला १.२ मीटर धरायची पद्धत आहे, म्हणजे ७ मीटरला सहा सेकंद. आपण तेज चालमध्ये मिनिटाला १२० पावले टाकतो, पाऊल ३० इंच, तेव्हा कॅडेट साडेचार सेकंदांत पार. दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या गल्लीत खडूने १० मीटर आखले आणि आजीला नेहमीसारखे चालायला सांगितले. तिला १४ सेकंद लागले. या वेगाने तिला ७ मीटरला जवळपास १० सेकंद हवेत. तेवढ्यात ताशी ६० ने येणारा ट्रक १६३ मीटर पुढे येतो. म्हणजे ट्रकवाल्याला थांबायला ८० मीटर दिसले तरी पुरते, पण आजीला पाऊल टाकण्याआधी दुप्पट लांबचे दिसले पाहिजे आणि तो ट्रक किती जोरात येतो हेही ताडता आले पाहिजे. तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. दृष्टीअंतराच्या सूत्रात चालकाचा डोळा १.२ मीटरवर धरलेला आहे. रस्ता ओलांडणाऱ्याच्या डोळ्याला त्या सूत्रात जागा नाही.

यात आणखी एक गोष्ट मिळवा. आमच्याकडे रस्ता सरळ आणि सपाट आहे. कागदावर दृष्टीअंतर हवे तेवढे आहे. पण साइडपट्टीवर ट्रक उभे असतात, चालक जेवायला किंवा झोपायला थांबलेले असतात. साइडपट्टी बंद पडलेल्या गाडीसाठी आणि रस्त्याच्या कडेला आधार म्हणून असते, ती वाहनतळ होऊन बसते. दोन ट्रकांच्या फटीतून डोके काढून बघणाऱ्या माणसाला शंभर मीटरही दिसत नाही, आणि येणाऱ्या ट्रकवाल्यालाही तो माणूस शेवटच्या क्षणीच दिसतो. नकाशावरचे दृष्टीअंतर एका उभ्या ट्रकने संपते.

समृद्धीसारख्या रस्त्यावर हा प्रश्न मुळातच काढून टाकलेला आहे. दोन्ही बाजूंना कुंपण आणि माणसांनी खालून किंवा वरून जायचे. वसाहतीतून जाणाऱ्या जुन्या रस्त्याला कुंपण घालता येत नाही. दुकान या बाजूला, बसचा थांबा त्या बाजूला. म्हणून कुम्हारी, डबरापारा, पॉवर हाऊस अशा ठिकाणी उड्डाणपूल आले. लांबची वाहतूक वरून जाते आणि गावची खालून, हा विचार बरोबर आहे. पण उड्डाणपुलाचेही गणित आहे. खालून उंच गाड्या जाण्यासाठी ५.५ मीटर मोकळी जागा हवी. वर तुळया आणि स्लॅब मिळून आणखी दोनएक मीटर धरले तर साडेसात मीटर चढायचे आहे. ३० ला १ या चढाने त्याला एका बाजूला २२५ मीटर लागतात. एका चौकासाठी पूल बांधला तरी तो अर्धा किलोमीटर होतो तो यामुळे. या चढाच्या भागात खालून आरपार जाता येत नाही, तिथे दोन्ही बाजूंना भिंत असते. मधल्या मोकळ्या जागेपर्यंत चालत जायचे आणि पलीकडे गेल्यावर तेवढेच परत यायचे. आजी हे करत नाही. पूल जिथे संपतो तिथे ती ओलांडते, आणि वरून उतरणारा ट्रक नेमका तिथेच वेगात असतो.

काकांना मी विचारले की तुम्हाला संधी मिळाली तर काय कराल. ते म्हणाले, आधी दुभाजक रुंद करीन. दोन बाजू एका दमात ओलांडायला लावणे म्हणजे वीस सेकंद मागणे आहे. मध्ये पिशवी घेऊन उभे राहण्याइतकी, निदान दीड मीटरची, सुरक्षित जागा असली की वीसचे दहा आणि दहा होतात. मग खालच्या रस्त्यावर ओलांडायच्या जागी रस्ताच थोडा उंच करून त्यावर पट्टे मारायचे, म्हणजे गाडी आपोआप ३० वर येते. ताशी ३० ला आजीच्या दहा सेकंदांत गाडी ८२ मीटरच येते, १६३ नाही. तेवढे तिला दिसते. आणि या सगळ्याच्या आधी ट्रकांना उभे राहायला वस्तीबाहेर वेगळी जागा द्यायची, पाण्याचा नळ आणि संडास असलेली. ती नसेल तर चालक खुर्सीपारच्या साइडपट्टीवरच थांबणार, कारण त्यालाही सुरतेहून निघाल्यापासून कुठेतरी झोपायचे आहे.